इस्तारीच्या गाडीतली हवा

गाडीखाली निजणाऱ्या माणसाजवळ किस्से आपोआप जमा होतात. त्याला वरचं काही दिसत नाही, नुसते आवाज ऐकू येतात. मी शाळेत गेलो नाही, पण मिस्त्री म्हणून उभा जन्म गाड्यांखाली निजलो. आता हात थरथरतात, म्हणून एकच गाडी पाहतो. चिचगडात माझ्या घराला लागून इस्तारीचं घर आहे, त्याची.

इस्तारीच्या बायकोच्या, फुलवंतावहिनीच्या, किडन्या कामातून गेल्या. सोमवारी आणि गुरुवारी गोंदियाला नेऊन मशीनवर रक्त साफ करावं लागतं. मशीनची एक पाळी चुकली की पाय सुजतात, दम लागतो. दुसरी पाळी चुकवून चालत नाही, असं डॉक्टरनं हात जोडून सांगितलेलं. आणि घरची गाडी ही अशी, क्लचच्या नळीत घडीघडी हवा भरणारी.

*

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक वर बसून पायडल दाबतो. दुसरा खाली निजून पान्यानं निप्पल, म्हणजे नळीच्या टोकाची हवा सोडायची चावी, खोलतो. तेलासोबत बुडबुडे बाहेर पडले की निप्पल बंद करायचं, आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर नळी हवा परत ओढून घेते.

पहिल्या दिवशी इस्तारीनं मधातच पाय उचलला.

"काऊन सोडलं गा?"

"मुंगी चावली ना, भाऊ."

तासभराची मेहनत गेली. तेव्हापासून मी कायदा केला. मी "दाब" म्हटलं की त्यानं "दाबलं" म्हणायचं, "सोड" म्हटलं की "सोडलं". आवाज आल्याशिवाय मी पाना फिरवत नाही.

*

एकदा बुडबुडे सरेनातच. वरची डबी तेलानं भरलेली, कुठं गळती नाही, तरी नळीतून येऊनच राहिले.

इस्तारी वैतागला. "एवढी हवा एका नळीत मावते कशी?"

वहिनी ओसरीवरून म्हणाली, "थकली असंल ते. दम घेऊ द्या तिले."

आम्ही चहा घेतला. परत निजलो, तर एकही बुडबुडा नाही. तेल निवांत राहिलं की हवा वर चढते, हे मला ठाऊक आहे. तिला कोणी सांगितलं, ते ठाऊक नाही.

*

उन्हाळ्यातली गोष्ट. पायडल खाली गेलं ते वर येईना. आम्ही गाडीची दारं लावून जेवायला बसलो. दुपारी गाडीतून "टक" असा आवाज आला. जाऊन पाहिलं तर पायडल वर. उन्हानं तेल फुगलं असेल, मी म्हटलं.

"असंल," इस्तारी म्हणाला. पण त्या दिवशी तो गाडीजवळ फिरकला नाही. वहिनीनं मात्र तिथंच बसून भांडी घासली, अगदी गाडीला पाठ टेकून.

*

देवरीच्या अलीकडं जंगलात एकदा क्लच गेलाच. गाडी गिअरमध्ये अडकलेली. थांबवली की बंद पडणार आणि मशीनची पाळी जाणार, म्हणून इस्तारी थांबलाच नाही. वळणावर पुढं शेळ्यांचा कळप आला. हॉर्न तर महिन्याचा मुका. राखणारा पाठमोरा उभा, त्याला गाडीची खबरच नव्हती.

"अन् मग?" मी विचारलं.

"मंग काय, भाऊ. शेळ्या आधीच दोन्ही अंगाला सरकून उभ्या होत्या. मधात गाडीपुरती वाट. माह्याकडं एकीनंही पाहिलं नाही. साऱ्या मागं बसलेल्या हिच्याकडं पाहून राहिल्या."

वहिनी तेव्हा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पाहू दे ना. तुमचं काय गेलं?"

*

आणि हा मागच्या पावसाळ्यानंतरचा गुरुवार.

सोमवारची पाळी चुकली होती. क्लचचं रबर फाटलं आणि नवं बुधवारी संध्याकाळी आलं. गुरुवारी उजाडताच मी रबर बसवलं. वहिनी अंगणात खाटेवर बसलेली, गाडीकडं तोंड करून. पाय सुजून घागरीसारखे झालेले. एका वाक्याला दोनदा दम घेत होती.

मी खाली निजलो आणि हाक दिली, "बैस, इस्तारी."

दार वाजलं. सीट करकरली.

"दाब."

"दाबलं."

आवाज बसका वाटला. रात्रभर जागला असेल, म्हटलं. दहा-बारा वेळा दाब-सोड झालं. पाय असा नेमका की इस्तारीचा कधी पडला नसेल. शेवटी नळीतून निव्वळ तेल आलं.

"झालं गा, उतर."

मी सरकत बाहेर आलो. फाटकातून इस्तारी सायकल घेऊन येत होता, कॅरिअरला डिझेलची कॅन बांधलेली.

"माह्यासाठी थांबले काय, भाऊ? आलोच, बसतो पायडलवर."

सीट रिकामी होती. दार लावलेलं. मी खिडकीतून हात घालून काठीनं पायडल दाबून पाहिलं. नव्या गाडीसारखं घट्ट.

"वहिनी," मी विचारलं, "कोण होतं?"

तिची नजर सीटवरून हलली नाही. "गाडी झाली काय?"

"झाली."

"मंग उशीर नका करू."

इस्तारीनं डिझेल ओतलं, तिला आधार देऊन मागं बसवलं, आणि पुढच्या दाराला हात घातला.

"थांबा जी," ती म्हणाली. "त्याले उतरू द्या पहिले."

इस्तारीचा हात दारावरच राहिला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. वहिनीची नजर दारापासून निघाली, सावकाश अंगणातून गेली आणि फाटकाशी थांबली.

"हं," ती म्हणाली. "बसा आता."