कुंकू लावलेली डिस्क

आमच्या चादरींच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळं बंद असतं. नक्षी विणणारे जॅकार्डचे माग, शिलाईची मशिनं, वजनकाटा, इतकंच काय, ऑफिसातला प्रिंटरसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात आणि दिवसभर कुणी कशाला हात लावत नाही. चालू राहतो तो फक्त सर्व्हर आणि माझं टेबल. मी इथली कॉम्प्युटर सांभाळणारी बाई. सर्व्हरला कुंकू लावायला माझी ना नाही, पण पंख्याच्या जाळीत पूड जाऊ देऊ नका, असं दरवर्षी सगळ्यांवर खेकसते. माझं तोंड कारखान्यात प्रसिद्ध आहे.

त्या तोंडाला एकच माणूस घाबरत नव्हता, आमचे डिझाइन मास्तर. साठी ओलांडलेली, घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि राग आला की दोन्ही. चादरीवरची नक्षी ते ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढायचे. उभ्या आयुष्याचे कागद त्यांनी एका लोखंडी कपाटात जपले होते. ते सगळे स्कॅन करून सर्व्हरवर ठेवायचं खूळ माझं. वर्षभर मी आणि ते रोज थोडे थोडे कागद करत होतो. काम संपलं तेव्हा कपाटात तळाला वाळवी दिसली आणि मी लगेच म्हणाले, मास्तर, आता हे रद्दीत द्या.

"थोडे ठिवू का, ताई? लई जुने हायत."

"कशाला? सर्व्हरवर आहेत, शिवाय दुसऱ्या डिस्कवर नक्कल आहे, ती माझ्या ड्रॉवरमध्ये. एक गेलं तरी दुसरं आहेच."

"तुमी म्हनता म्हंजे झालं," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने गठ्ठे बांधले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे शहाणपण माझं होतं आणि बैल त्यांचा.

पुढच्याच खंडेनवमीला सर्व्हर गच्च भरला. मोठ्या गिऱ्हाइकाला संध्याकाळपर्यंत नमुन्याची चित्रं पाठवायची होती आणि एकही फाइल सेव्ह होईना. जागा वाढवायला दोन नव्या डिस्क आदल्या दिवशीच आल्या होत्या, पण सकाळीच कुणीतरी त्या खोक्यांसकट देवीसमोर पाटावर मांडल्या होत्या. शेजारी मागाचा धोटा, कात्री, मास्तरांचा ब्रश. पाटावर मांडलेलं दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत.

मास्तर तबक घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "ती नकलेची डिस्क कुटं हाय? तिलाबी लावतो. माजं समदं तिच्यातच हाय की."

मी ड्रॉवर उघडला. त्यांनी तिच्या कोपऱ्यावर बोटाने कुंकू टेकवलं, नमस्कार केला आणि ते जेवायला घरी गेले.

आमच्या सर्व्हरवर लॉजिकल व्हॉल्यूमची सोय आहे. म्हणजे डिस्क कितीही असल्या तरी वापरणाऱ्याला एकच मोठी जागा दिसते. दोन खाटा जोडून वर एक लांबरुंद गादी अंथरावी, तसं. खाट कमी पडली की आणखी एक आणून जोडायची. मात्र एका खाटेचा पाय मोडला तर त्या बाजूला झोपलेला खाली येतो, तेवढं लक्षात ठेवावं लागतं. मला ते ठाऊक होतं. माझं पोट त्यावरच चालतं.

पाटावरच्या डिस्कना हात लावायचा नव्हता. ड्रॉवरमधल्या डिस्कबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. देवाची रीत पाळायची आणि कामही उरकायचं, अशी पळवाट मला सापडली आणि मी स्वतःवरच खूश झाले. नकलेची डिस्क सर्व्हरला जोडली. हिच्यावर आधीचं काही आहे, पुसू का, असं यंत्राने मला सरळ विचारलं. मी हो म्हटलं. उद्या पाट उठला की नव्या डिस्कवर ताजी नक्कल काढायची, एका रात्रीचा तर प्रश्न. जागा वाढली, चित्रं गिऱ्हाइकाला गेली, मालकांनी फोनवर शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी पाट उठला. पण दसरा होता, म्हणून मी नव्या डिस्क कपाटात ठेवल्या. त्यानंतर दिवाळीच्या मालाची घाई सुरू झाली. कपाट उघडलं की त्या दिसायच्या, आणि मी आज नको, उद्या बघू, असं म्हणून कपाट लावायची. एका रात्रीचे तीन आठवडे झाले. दिवाळीच्या तोंडावर सर्व्हरमधली जुनी डिस्क टकटक वाजायला लागली आणि तासाभरात मेली. मास्तरांची सगळी नक्षी तिच्यावर होती.

मालक धावत आले, मागे मास्तर. सर्व्हर उघडा पडला होता, त्यातून काढलेल्या दोन्ही डिस्क टेबलावर होत्या. मालकांनी विचारलं, नक्कल आहे ना?

"तीही गेली," मी म्हणाले. "दोन्ही एकदमच."

इतकं सहज खोटं मला बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तर टेबलाकडे बघत होते. दोनपैकी एका डिस्कच्या कोपऱ्यावर कुंकू होतं. मग मालकांकडे वळून म्हणाले, "लाइट लई कमीजास्त हुती की सकाळपासनं."

मला सबब सुचली नव्हती. ती त्यांनी दिली.

मेलेल्या डिस्कवरचं काही वाचतंय का बघायला ती पुण्याला पाठवली, तिथून नक्षीचे मूठभर तुकडे परत आले. मग मास्तरांनी नातेवाइकांकडून, होटगीच्या व्याह्यांकडून, कुणाकुणाच्या कपाटातून आपल्या जुन्या चादरी गोळा केल्या. रोज दुपारी टेबलावर चादर पसरायची, डोळ्याला भिंग लावून धागे मोजायचे आणि नव्या कागदावर चौकोन भरायचे. मी चादरीचं टोक धरून उभी राहायची. तेवढंच मला जमत होतं. त्यांची पहिली पास झालेली नक्षी डाळिंबांची, फुटलेल्या डाळिंबांची किनार. तिची चादर काही कुणाकडे सापडली नाही. ती ते आठवून काढायला बसायचे आणि अर्ध्यावर ब्रश खाली ठेवायचे. घरी आले तरी मला तो अर्धा कागद दिसायचा. जेवताना, भांडी घासताना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, होतं असं. माझ्याकडून झालं नव्हतं, मी केलं होतं.

वर्ष गेलं. खंडेनवमीला मास्तर तबक घेऊन आले. सर्व्हरला कुंकू लावून झालं आणि त्यांनी विचारलं, "ती मागच्या सालची कुटं हाय?"

मी ड्रॉवर उघडला. डिस्कवरचं कुंकू फिकट झालं होतं. ती त्यांच्या हातात देताना मला राहवलं नाही. "मास्तर, ही गेली नव्हती. हिच्यावरचं मीच पुसलं. नव्या डिस्क पाटावर होत्या, म्हणून हिला वापरलं. वर खोटं बोलले."

"ठावं हाय," ते म्हणाले. "कुंकू बघितलं की मी तवाच."

त्यांनी जुन्या डागावर नवं कुंकू लावलं. डिस्क नेऊन पाटावर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला इचारायचं की, ताई. नमस्कार करून पाटावरची उचलून दिली असती मी."

पाटावर धोटा होता, त्यांचा ब्रश होता आणि डाळिंबांचा तो अर्धा कागद होता. त्यालाही त्यांनी कुंकू लावलं.