साडूंचा पुण्याचा दवाखाना

माझ्या साडूंनी हाती घेतलेला निरोप पोहोचला नाही, असं आजवर एकदाही घडलेलं नाही. मग ज्याच्यासाठी तो निरोप आहे त्याची ऐकायची इच्छा असो वा नसो. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. जालना एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कारखान्याच्या गेटवर त्यांनी बावीस वर्षं आवक-जावकीचं रजिस्टर सांभाळलं. गाडी गेटाबाहेर पडली की इतरांचं काम संपायचं, यांचं सुरू व्हायचं. माल उतरला का, पोहोच मिळाली का, हे ते ड्रायव्हरला स्वतः फोन करकरून विचारत. ही सवय अंगात इतकी मुरली की माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नाच्या एकशे ऐंशी पत्रिका त्यांनी वाटल्या, तेव्हा पत्रिका घेणाऱ्या प्रत्येकाची वहीत सही घेतली. जुना जालन्यातला एक कापडवाला म्हणाला, "सही कशाला? नोटीस आहे का?" साडू म्हणाले, "तसं न्हाई शेठ. उद्या तुम्ही म्हणाल, मला आमंत्रणच न्हाई." सही झाली की प्रत्येकाला 'सगळ्या घराला घेऊन या' असं बजावत. माझा पेशा मोजमापाचा आहे, आकडे मी वाढवून सांगत नाही: त्या लग्नात अंदाजापेक्षा पासष्ट पानं जास्त उठली.

असे हे साडू सेहेचाळिसाव्या वर्षी मला म्हणाले, "भाऊ, मी व्हर्च्युअल असिस्टंट होऊन राह्यलो." मी आधी त्यांना पाणी दिलं. मग खुलासा झाला. त्यांची मुलगी पुण्यात शिकते. दाढ दुखते म्हणून ती दातांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेली, तर बाई एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन उभ्या. रुग्णांच्या वेळा, मेल, सामानाच्या ऑर्डरी सांभाळायला त्यांच्याकडे माणूस टिकत नव्हता. तोंड उघडं होतं तोवर पोरीला बोलता येईना, मिटल्याबरोबर ती म्हणाली, "माझे बाबा जालन्यातून करतील."

साडूंनी कारखान्यातून पोळ्यापर्यंत तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. "बावीस वर्षं दुसऱ्याचा माल बाहेर सोडला," ते म्हणाले, "आता जरा स्वतः बाहेर पडतो."

"घरातच बसून?" मेहुणी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "दाजी, तुम्ही साक्षीला. पोळ्यापर्यंत मी एक शब्द बोलणार न्हाई. बाईंनी मधेच नको म्हटलं, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी गेटवर हजर व्हायचं. बिलकुल तक्रार करायची न्हाई."

साडूंनी मान हलवली, पण त्यांचा चेहरा उतरला. परत गेटवर जाणं त्यांना किती जड जाईल, ते मला तेव्हाच कळलं.

स्वयंपाकघराला लागून आठ बाय दहाची खोली आहे, ती त्यांची कचेरी झाली. सकाळी इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट घालून ते पुढच्या दारानं घराबाहेर पडत, अंगणाला वळसा घालत आणि मागच्या दारानं कामावर येत. अंतर चौतीस पावलं. जेवायला चला म्हणायला मेहुणी खोलीत गेली, तर म्हणाले, "आत्ता न्हाई जमत. दीडची वेळ देतो." कुंभार पिंपळगावहून त्यांचे चुलते आले. त्यांनी विचारलं, "नेमकं काय करून राह्यला तू?"

"पुण्याचा दवाखाना सांभाळतो, काका."

"मंग इथं कसा?"

"फोनवरून."

"म्हंजे मोकळाच आहेस. चल, शेताकडं जाऊन येऊ."

पोळा दहा दिवसांवर आला आणि घोटाळा झाला. शनिवारी दवाखान्यात चौदा जणांच्या वेळा होत्या. साडूंनी आदल्या दिवशी चौदाही घरी फोन केले, वेळ सांगितली आणि शेवटी सवयीनं म्हणाले, "सगळ्या घराला घेऊन या." पुण्याची माणसं असली म्हणून काय झालं, इतक्या आग्रहानं त्यांना दातांसाठी कोणी बोलावलं नव्हतं. चौदांच्या जागी एकेचाळीस आली. जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. एका गृहस्थांनी सासूबाईंना आणलं होतं; त्यांना दातच नव्हते.

बाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "काका, मला लग्न लावायचं नाहीये. सोमवारी सकाळी बोलू. तोवर एकही फोन घेऊ नका."

रविवारी मेहुणीनं न बोलता कपाटातून कारखान्याचं ओळखपत्र काढलं, पुसलं आणि टेबलावर ठेवलं. साडूंनी ते बाजूला सरकवलं आणि फोन पुढे ओढला. मग म्हणाले, "फोन घेऊ नका म्हणाल्या. करू नका असं कुठं म्हणाल्या?" आणि त्यांनी एकेका घरी फोन लावून माफी मागितली. बोलता बोलता चौकशीही केली. जादा आलेल्या सत्तावीस जणांपैकी एकोणीस जणांना खरंच दात दाखवायचे होते. साडूंनी त्यांना पुढच्या दोन आठवड्यांतल्या रिकाम्या वेळा देऊ केल्या आणि प्रत्येकाकडून तशी लेखी पोहोच मागवली. संध्याकाळपर्यंत एकोणीसच्या एकोणीस जमा.

सोमवारी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज आला, "आणि त्या सासूबाई?"

"कवळीसाठी. मंगळवारी साडेचार."

बाई हसल्या. "काका, यापुढे घर एकदम बोलवायचं नाही. एकेक माणूस बोलवायचा." त्याच आठवड्यात त्यांनी साडूंचा नंबर आपल्या ओळखीच्या दोन डॉक्टरांना दिला. पोळ्याच्या दिवशी बैलांची मिरवणूक वाजत गल्लीतून जात असताना, मेहुणीनं स्वतः कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला आणि त्या गोंगाटात ओरडून सांगितलं, "साहेब, जागा भरून टाका. यांना आता जमणार न्हाई." इतक्या तोऱ्यात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

आज साडूंकडे पाच दवाखाने आहेत. मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी नवी मोठी जागा घेतली आणि उद्घाटनाला साडूंना आग्रहानं बोलावलं. ते गेले नाहीत. "मी तिकडं गेलो तर फोन कोण घेईल?" असं म्हणून त्यांनी मांडववाला, हारवाला, पाहुण्यांच्या वेळा, सगळं आठ बाय दहाच्या खोलीतून जुळवलं. मुलगी जाऊन आली आणि तिनं फोटो पाठवला. साडूंनी तो मोबाइलवर मोठा करून मला दाखवला. "ह्या खुर्च्या मी सांगितल्या. हे हार माझे. गर्दी बघा, पण धक्काबुक्की न्हाई. एकदम बराबर." मग त्यांचं बोट सरकत सरकत मधोमध उभ्या असलेल्या बाईंवर थांबलं. वर्षभर रोज बोलणं चालू होतं, पण चेहरा ते पहिल्यांदाच बघत होते.

"आवाजावरून मला उंच वाटल्त्या," ते हळू आवाजात म्हणाले, आणि फोटो आणखी थोडा वेळ तसाच हातात धरून बसले.