पत्ती काढलेली सनई

"पत्ती काढून घे तुझ्या बापाच्या सनईची," धाकटे मालक मला म्हणाले. "निस्तं वारं निघायलंय. तोंडाला लावून बसू दे फकस्त. आवाज आमी मोबाईलवरनं सोडतो."

मांडवात पाहुणे बसलेले. चारपाच जण हसले. आबा माझ्या शेजारीच होते. त्यांना ऐकू चांगलं येतं.

लोहाऱ्याकडच्या एका गावातलं हे लग्न. आम्ही मांग. मालकांच्या घरातल्या प्रत्येक लग्नात आबांचीच सनई. धाकट्या मालकांच्या लग्नातही त्यांचीच. तेव्हा जागा ठरलेली. मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ. जेवण सगळ्यांच्या शेवटी. तिथं बसून आबा असं वाजवायचे की आत नवरीची आई डोळे पुसायची. पार कर्नाटकातनं लोक बोलवायला यायचे.

आता त्याच धाकट्या मालकांच्या मुलीचं लग्न. आबांना पहिल्यांदाच स्टेजवर बसवलं. फेटा बांधला. शूटिंगला म्हातारा सनईवाला पाहिजे होता. वाजवणारा नको होता.

आबांचे दात गेलेत. ओठ सनईवर नीट बसत नाहीत, कडेनं हवा जाते. लांब सूर मधेच तुटतो. हे मला मालकांच्या आधी कळलं होतं. मी त्यांच्या मागं बसून दुसऱ्या सनईवर जोडीचा सूर धरतो, मला कळणारच. घरी म्हणालो पण होतो, "आबा, आता बास करा. नाव हाय तवर थांबावं माणसानं." ते सनई पुसत राहिले.

म्हणून मालक बोलले तेव्हा मला राग आला नाही. खरं सांगतो. सुटल्यासारखं वाटलं. मी हात पुढं केला. आबांनी सनई दिली. फुंक मारायची ती छोटी पत्ती मी ओढून काढली आणि खिशात टाकली.

मोबाईल सुरू झाला. कुणा दुसऱ्याचीच सनई. आबांनी मुकी सनई तोंडाला लावली. बोटं हलवायला लागले. बोटं त्या गाण्याच्या मागं पडत होती. शूटिंगवाला म्हणाला, "बाबा, गाल फुगवा की जरा."

माझ्या बापानं गाल फुगवले.

ते बघवलं नाही. चपलांजवळ बसूनही त्यांनी कधी खोटं वाजवलं नव्हतं. ते खोटं मी त्यांच्या तोंडात घातलं.

उठलो. स्पीकरची वायर उपटली. खिशातली पत्ती आबांच्या हातात दिली.

"काय करायलास रे?" मालक म्हणाले.

"आबा बसतील तर वाजवतील."

आबांनी पत्ती बसवली. वाजवलं. वाईट वाजलं. हवा गेली, सूर फाटला. पोरं हसली. मी खाली बसून माझा सूर धरला. मालक जवळ आले. "बंद कर. उठीव त्याला."

मी सूर सोडून म्हणालो, "तुमी सांगून न्हाय उठायचे ते. त्यांचं संपलं की उठतील."

आबांनी गाणं शेवटापर्यंत नेलं. मग फेटा काढून खुर्चीवर ठेवला. आम्ही न जेवता निघालो.

फाट्यावर जीपची वाट बघत उभे होतो. मला वाटलं, आबा पाठीवर हात ठेवतील. ते म्हणाले, "मालक परका हाय. पत्ती तू काढलीस."

मी अजून माफी मागितलेली नाही. मागितली तर मला हलकं वाटंल. मला हलकं व्हायचं नाही.

आबा अजून वाजवतात. बरं वाजत नाही. मोठ्या कलावंतानं कधी थांबावं, असं लोक मला विचारतात. त्यावर बोलायचा माझा अधिकार गेला. ज्यांनी बाहेर बसवून ऐकलं, त्यांना तर तो कधीच नव्हता.

परवा वाशीहून फोन आला. लग्नाच्या हॉलच्या दारात फोटोपुरता सनईवाला पाहिजे होता. "बाबांना निस्तं बसवा," तो माणूस म्हणाला.

मी म्हणालो, "आबा वाजवत्यात. कवर वाजवायचं ते आबा ठरवतील. मुकं बसवायला माणूस पाहिजे असंल, तर तुमच्या घरातला बसवा."