पिलब्रोबाईंचा सातवा सूर

इंग्लंडमधल्या इप्सविच शहरापासून लिटल स्नेडिंग हे गाव बारा मैलांवर. तेवढं अंतर कापून हेस्टर पिलब्रोबाई शाळेत शिकवायला आल्या, त्याला तीस वर्षं झाली. तरी गावाच्या लेखी त्या पाहुण्याच. गावकरी म्हणवून घ्यायचं तर निदान आजोबा तरी इथल्या चर्चमागे पुरलेले हवेत, आणि बाईंचे आजोबा भलतीकडेच पुरले गेले होते.

शाळेत बाई साठ पोरांकडून पाढे आणि सूर घोटून घेत, उरल्या वेळात संगीत रचत. त्यांच्या ट्रंकेत चार वाद्यांसाठी लिहिलेल्या पाच मोठ्या रचना पडून होत्या. लंडनचे प्रकाशक त्या इतक्या नम्रपणे परत पाठवत, की नकाराची ती पत्रं बाईंना पाठ झाली होती. आता निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि बाईंची एकच इच्छा होती. एक तरी गाणं छापलेलं बघावं, आणि त्यावर 'हेस्टर पिलब्रो' असं नाव असावं. यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं पुढे आहे.

बारा वर्षांपूर्वी त्यांनी पोरांसाठी बदकांचं एक गाणं रचलं होतं. शेवटच्या ओळीत सातवा सूर असा ताठ वर चढे, की गाताना पोरांच्या टाचाही उचलल्या जात. शाळेच्या खिडकीखालचं कुंपण छाटणाऱ्या जेथ्रो कटिंगने ते ऐकून ऐकून उचललं. दम्यामुळे तो सूर काही त्याला गाठता येईना. मग तो अर्धी पायरी खालीच बसकण मारी.

१९०८च्या उन्हाळ्यात सायकल मारत फेन-हार्कोर्टसाहेब आले. शिकलेले शहरी लोक तेव्हा खेड्यापाड्यांतून जुनी गाणी वेचत हिंडत. गावच्या खानावळीत बिअरच्या पहिल्या ग्लासाला जेथ्रोने चर्चमधली प्रार्थना म्हटली, तेव्हा साहेबांचं तोंड पडलं. दुसऱ्या ग्लासाला बदकांचं गाणं निघालं, आणि साहेब उडालेच.

"हा उतरलेला सूर! आजोबा, असा आता कुणी लावत नाही, हा तीनशे वर्षं जुना आहे!"

"असंल बुवा," जेथ्रो खोकत म्हणाला.

"शिकलात कुणाकडून?"

"कुंपणापल्याडनं."

साहेबांनी वहीत लिहिलं: 'शेतात राबता राबता, पिढ्यान्‌पिढ्या.'

ही बातमी कानावर येताच बाई आपली वही घेऊन खानावळीत थडकल्या. "हे गाणं माझं आहे. तारीख बघा."

साहेबांनी तारीख पाहिली आणि आनंदाने त्यांचा हातच धरला. "म्हणजे तुम्ही बारा वर्षांपूर्वीच टिपून घेतलंत! शाबास! फक्त सातवा सूर चुकलाय. शिकलेल्यांना राहवत नाही, सुधारायला जातात."

"टिपलं नाही हो, रचलं!"

"बाईसाहेब, अशी गाणी कुणी एक जण रचत नाही. ती लोकांची असतात."

"मग मी कोण? टेबल?"

बाईंनी जेथ्रोला पुढे ओढलं. "सांगा यांना, जेथ्रो."

जेथ्रोने साहेबांच्या पुस्तकातल्या फोटोसाठी चढवलेली पांढरी कॉलर चाचपली. "बाई लई चांगल्या हायेत, साहेब," तो म्हणाला. "पन त्या पडल्या इप्सविचच्या."

पुस्तक निघालं. त्यात जेथ्रोचा फोटो, गाणं, आणि खाली 'रचना: लिटल स्नेडिंगचे ग्रामस्थ'. बाईंनी ते ट्रंकेत टाकलं आणि झाकण आपटलं. राग तर होताच. पण आपण या वयातही आशा धरून बसलो होतो, याची त्यांना जास्त लाज वाटली.

पुढच्या वर्षी शाळा तपासनीस आले, तेच पुस्तक हातात घेऊन. पोरं गायली, टाचा उचलल्या गेल्या. तपासनिसांचं बोट पानावर अडलं.

"सातवा सूर चुकतोय, बाई. ग्रामस्थ तो खाली घेतात."

"कोणते ग्रामस्थ?"

"ज्यांनी गाणं रचलं ते. हे काय, छापलंय इथे."

"तीच मी. ग्रामस्थांचं म्हणणं आहे, सूर वरचाच."

"पण तुम्ही तर इप्सविचच्या ना?"

बाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "जेथ्रो, साहेब विचारताहेत, मी कुठली?"

खाली कात्री थांबली. जेथ्रोने आधी पोटभर खोकून घेतलं. फोटोतल्या मानावर पाणी सोडायला तेवढा वेळ लागतोच.

"बाई हितल्याच, साहेब. एकतीस वर्सं झाली की," तो म्हणाला. "आन्‌ त्या सुराचं म्हनाल, तर मला दमा हाय."

बाईंचे डोळे भरून आले. त्या घाईने पोरांकडे वळल्या. "पुन्हा म्हणा! टाचा वर!"

महिन्याभराने जिल्ह्याचा छापील अहवाल आला. 'लिटल स्नेडिंग: येथील जुने बदकांचे गाणे मिस हेस्टर पिलब्रो चुकीचे शिकवतात.'

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग तो कागद चौकटीत बसवून घेतला आणि पियानोच्या वर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा टांगला. गाणं आणि त्यांचं नाव, दोन्ही एकाच कागदावर छापून आलं होतं.