सुमतीची पहिली फेरी

काल नातवाच्या नव्या बुटांना कातड्याचा वास आला आणि मला सें पिएर गावातलं घोड्यांचं मैदान आठवलं.

माझी सुमती तेव्हा सहा वर्षांची होती. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे पाय ताठ असत, म्हणून उपचारासाठी तिला प्रथमच घोड्यावर बसवलं होतं. मी तिची कंबर धरून चालत होते. इतक्यात उसाची लॉरी धडधडत गेली आणि घोडा दचकला. मी किंचाळून तिला खाली ओढू लागले.

"पा पेर! भिऊ नका, ओढू नका!" लगाम आवरत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

सुमतीनं आयाळ मुठीत पकडली होती. "आई, हात काढ," ती अडखळत म्हणाली.

मी हात काढले. घोडा निघाला, तसे भीतीनं मी डोळे गच्च मिटले. तिची पहिली फेरी मी पाहिलीच नाही.