षष्ठीचं पान

शेजारून वडे तळल्याचा वास आला की मला नाशिक रोडच्या आमच्या चाळीतल्या मावशी आठवतात. त्यांचा मुलगा मनमाडला रेल्वेत होता, तिथेच अपघातात गेला. तेव्हाच्या गोंधळात तिथी कुणी लिहून ठेवली नाही. हाती आलेल्या कागदावर फक्त इंग्रजी तारीख होती, आणि त्या सालचं पंचांग पुढे कुठे मिळेना. मी तेव्हा कॉम्प्युटर क्लासमध्ये नुकताच शिकवायला लागलो होतो. म्हटलं, मशीनवर काढून देतो. एकोणीसशे सालापासूनचे दिवस मोजायचे, चांद्रमासाच्या लांबीने भागायचं, बाकी उरेल तिच्यावरून तिथी. पुस्तकात ती लांबी सात दशांश स्थळांपर्यंत दिली होती. मी कंटाळून दोनच टाइप केली, २९.५३. छापून आलं, माघ वद्य षष्ठी. मावशींनी तो कागद देवघरात ठेवला. दर वर्षी षष्ठीला त्या गच्चीवर पान ठेवून उन्हं कलेपर्यंत बसायच्या, पण कावळा काही शिवायचा नाही. "रुसलाय रे तो माझ्यावर," एवढंच म्हणायच्या. पाचव्या वर्षी तोच प्रोग्राम वर्गात शिकवताना मी सगळी स्थळं घातली, तर बाकी अर्ध्याहून जास्त दिवसाने घटली आणि पंचमी आली. मी सोडून दिलेलं शेपूट हजारभर महिन्यांत साठत गेलं होतं. सांगायला गेलो, तर मावशी उद्याच्या वड्यांचं पीठ भिजवत होत्या. चहा पिऊन परत आलो. आता त्या नाहीत. पंचमीला मीच पान ठेवतो, आणि हात मागे घेईपर्यंत कावळा येतो.