वाटेवर नसलेला मारुती

जागा पारखण्यात माझा हात धरणारा माणूस जालना जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे, असं मी स्वतःच चारचौघांत सांगत आलो आहे. भोकरदनपासून परतूरपर्यंत कुणाला घर बांधायचं असलं की मला जीप पाठवतात. मी प्लॉटवर जाऊन चपला काढतो, डोळे मिटतो आणि सांगतो की स्वयंपाकघर इकडं, जिना तिकडं, आणि शेजाऱ्याशी तुमचं दिवाळीच्या आत भांडण होणार. भांडण होतंच. त्यात माझी विद्या किती आणि शेजाऱ्याचा स्वभाव किती, हे आजवर कुणी विचारलं नाही. एकदा जांब समर्थला गेलो होतो, तर दर्शनाच्या रांगेतली चार माणसं माझा सल्ला घेऊन दर्शन विसरून घरी गेली. बरं, चार नव्हती. एकच होता, आणि तोही ओळखीचा.

हे आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे ते बिलकुल खरं आहे आणि त्यात भर घालायची मला सोय नाही.

माझी थोरली बहीण, आमची आक्का. आमचं घराणं धावड्याचं, शेतीतलं. आक्का लग्न होऊन जालन्यात मस्तगडला आली आणि आयुष्यभर पहिल्या मजल्यावर राहिली. नळ खाली, बिऱ्हाड वर. आमच्याकडं नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. आलं की लोक बारशातून उठून घरी पळतात. तेवढ्या दिवसांचं पाणी आक्का कळशीनं जिना चढवायची, आणि त्या कळश्यांनीच तिचे दोन्ही गुडघे खाल्ले.

दाजी गेल्यावर ती एकटी पडली. एकुलती लेक मुंबईत नोकरीला, नवऱ्यासोबत चौपाटीजवळच्या वस्तीत राहते. लेक म्हणायची, आई, इकडं ये. आक्का म्हणायची, जावयाच्या घरात चार दिवसांच्या वर राहणार न्हाई. ही वादावादी दोन वर्षं चालली. शेवटी तोड निघाली ती अशी, की मस्तगडचं घर विकायचं आणि लेकीच्या जवळच वेगळा लहानसा फ्लॅट घ्यायचा. लेक दिवसभर ऑफिसात. ती संध्याकाळी आली की आक्कानं तिच्याकडं चालत जायचं, दोघींनी चहा प्यायचा, जेवायचं, मंग लेक आणून सोडील.

भाचीनं दोन इमारती हेरून ठेवल्या. एक जुनी, तिच्याच गल्लीत, तीन दारं सोडून. दुसरी नवी, लिफ्टवाली, पण चौपाटीच्या मोठ्या रस्त्याच्या पलीकडं. कोणती घ्यायची ते ठरवायला जागेचा जाणकार पाहिजे. तो कोण, हे सांगायला नको.

निघताना आक्कानं मला समोर बसवलं. म्हणाली, "इमारत मागून पाह्य. आधी रस्ता पाह्य. रविवारी संध्याकाळी जा आणि या दारातून त्या दारापर्यंत चाल. पण माझ्या गुडघ्यानं चाल, तुझ्या न्हाई. मला माझ्या पायानं लेकीकडं जाता आलं पाह्यजे, दुसरं काही मागणं न्हाई माझं."

मी म्हणालो, आक्का, तू फिकर सोड.

आणि गेलो बुधवारी. एका बियाणं कंपनीतल्या ओळखीच्या माणसाची गाडी बुधवारी मुंबईला निघाली होती, आरामात बसायला मिळत होतं, रविवारची वाट कोण पाहतो. चौपाटीवर पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा. उन्हानं वाळू तव्यासारखी झालेली. अख्ख्या किनाऱ्यावर दोन कुत्री आणि एक छत्रीवाला, आणि तिघंही झोपलेले. रस्त्यावरून एखादी रिक्षा जायची तीही जांभई देत. मी मनात म्हटलं, ही कसली गर्दीची वस्ती, आमच्या मंगळवारच्या भाजीबाजारात याहून जास्त माणसं नुसती भाव विचारायला येतात.

आधी जुनी इमारत पाहिली. एजंट म्हणाला, पाणी सकाळी एक तास. मी तिथंच फुली मारली. मंग एजंटनं रिक्षात घालून रस्त्यापलीकडं नेलं, तिथली नवी पाहिली. वर गेलो आणि आमच्याकडचा माणूस जो पहिला प्रश्न विचारतो तोच विचारला, की पाणी किती दिवसाला येतं?

एजंटला कळेना. "किती दिवसाला म्हणजे?"

"म्हणजे आज आलं तर मंग आता कधी?"

तो माझ्याकडं पाहतच राहिला. मंग त्यानं नळ उघडला. पाणी आलं. मी बंद केला, पुन्हा उघडला. पुन्हा आलं. न्हाणीत गेलो, तिथं आलं. गॅलरीत झाडांसाठी एक नळ होता, त्यालाही आलं. झाडांसाठी वेगळा नळ, हे धावड्याला सांगितलं असतं तर मला गावाबाहेर काढलं असतं. मी ओंजळ भरली, तोंड धुतलं, पाय धुतले, एजंट पाहत नाही असं बघून डोक्यावरही घेतलं. मला आक्काचा जिना दिसायला लागला, कळश्या दिसायला लागल्या. हे मी आज सबब म्हणून सांगत नाही, पण त्या नळाखाली हात धरून उभा असताना मला खरंच भरून आलं होतं. वाटलं, बाईच्या नशिबी शेवटी हे आलं.

त्या भरल्या मनानं मी खाली उतरलो, कोपऱ्यावर पोटभर सुरमई खाल्ली आणि गाडी चारला निघणार म्हणून गाडीत जाऊन बसलो. रस्ता तसाच राहिला. मी तो पायी ओलांडलाही नाही.

परत आल्यावर मस्तगडला आक्काच्या घराखालच्या ओसरीवर दरबार भरला. शेजारच्या बायका, वरचे-खालचे सगळे. मी सांगायला लागलो. नळाची गोष्ट सांगितली तेव्हा एका म्हातारीनं नमस्कार केला, मला की नळाला ते कळलं नाही. मी म्हणालो, समुद्र इतका गुमान की गाय वाटावी. रस्ता इतका मोकळा की मधोमध बाजलं टाकून झोपावं.

आक्का ऐकत होती. मंग म्हणाली, "चाललास का?"

"तीन चकरा मारल्या," मी म्हणालो.

"वाटंत काय लागतं?"

आता वाटेत काय लागतं ते मला काय ठाऊक. पण माझं तोंड असं आहे की ते माझ्यासाठी थांबत नाही. म्हणालो, मधेच एक मारुतीचं देऊळ लागतं, लहानसंच, पण ओटा चांगला रुंद आहे. वर लिंबाचं झाड. गुडघे दुखले तर घडीभर टेकायचं आणि पुढं जायचं. देऊळ इतकं झकास जमलं की माझाच त्याच्यावर विश्वास बसला. पुढं आठवडाभर कुणी विचारलं तर मी मारुतीच्या शेंदराचा रंगसुद्धा सांगत होतो.

एकट्या भाचीनं फोनवर विचारलं, "मामा, आईला तो रस्ता जमेल ना? तुम्ही रविवारी यायला पाहिजे होतं." मी तिला म्हणालो, तुझ्या आईला मी तुझ्याआधीपासून ओळखतो. तिनं विषय बदलला. मामापुढं काय बोलणार.

मस्तगडचं घर विकलं. आक्का गेली. सुरवातीला मी दर दोन दिवसांनी फोन करायचो. ती म्हणायची, बराबर आहे सगळं, पाणी फार छान आहे. मी खुशीत. जो भेटेल त्याला सांगायचो की जागा मी पाहिली आहे.

चार-पाच महिन्यांनी मस्तगडातून चाललो होतो, तर आक्काच्या शेजारची बाई दारातच भेटली. म्हणाली, तुमच्या बहिणीचं नशीब काढलं हो तुम्ही. फोनवर सांगत होती, रोज संध्याकाळी लेकीकडं जाती म्हणून. जाताना मारुतीच्या ओट्यावर बसती, लिंबाखाली. वारा इतका सुटतो म्हणे, उठू वाटत न्हाई.

मी "हो, हो" म्हणालो आणि चालायला लागलो. तो ओटा मी बांधला होता. झाड मी लावलं होतं. त्या ओट्यावर जगात कुणालाच बसता येणार नव्हतं, आणि आक्का रोज बसत होती.

या खेपेला रविवारी गेलो. आधी कळवलं नाही. चौपाटीच्या रस्त्यापाशी उतरलो तेव्हा साडेपाच झाले होते, आणि मला वाटलं गाडीवाल्यानं भलत्याच गावी सोडलं. बुधवारी जिथं कुत्री झोपली होती तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. गाड्या एकीला एक चिकटलेल्या, त्यांतून रिक्षा, रिक्षांतून मोटरसायकली, मोटरसायकलींतून फुगेवाले, आणि फुगेवाल्यांतून खांद्यावर पोरं घेतलेली माणसं. भेळेच्या गाड्या फुटपाथवर, म्हणून माणसं रस्त्यावर. एरवी मी यात एक उंट घातला असता. गरज नव्हती.

आक्का गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती, रस्त्याकडं तोंड करून. दार ढकलून मी आत गेलो तर तिनं मागं वळून पाहिलं आणि जणू मी कोपऱ्यावरून साखर घेऊन आलो असं म्हणाली, "आलास. पाणी पी."

मी पाणी प्यालो. मंग विचारलं, लेकीकडं किती वेळा गेलीस?

"पहिल्या आठवड्यात एकदा. निम्म्यातून परत आले. एका भेळेच्या गाडीवाल्यानं हात धरून आणून सोडलं." रस्त्याकडं पाहत म्हणाली, "आता तीच येती, सुट्टीच्या दिवशी सकाळी. इतर दिवशी दमून जाती. मीच म्हणते नको येऊस."

"आणि मस्तगडला काहून सांगितलंस तसं?"

"मंग काय सांगू? माझ्या भावानं जागा न पाहता पाहिली म्हणून?"

मी खाली मान घातली. मला तेव्हा कळलं की तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी ओसरीवर मारुती उभा करत होतो तेव्हाच. तरी घर विकलं, कारण बारा माणसांदेखत भावाला खोटं पाडायचं नव्हतं, आणि थोडी आशाही असेल की याच्या बोलण्यातलं चार आणे तरी खरं निघेल. मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हातानंच थांबवलं.

"जा," ती म्हणाली. "चालून ये. मी इथून पाहते."

मी खाली उतरलो. तिच्या गुडघ्यानं चालायचं म्हणून एक पाय दुसऱ्याजवळ आणून मग पुढचा टाकत निघालो. रस्त्याच्या कडेला इतका वेळ उभा राहिलो की एका फुगेवाल्यानं मला दोनदा फुगा विचारला. अर्ध्यात गेलो, दुभाजकावर अडकलो, पलीकडं पोचलो, भाचीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरलो. त्या जुन्या इमारतीवरूनच वाट होती. ती लेकीच्या दारापासून तीन दारांवर, आणि तिथं सकाळी एक तास पाणी येतं. जालन्याच्या बाईला एक तास पाणी म्हणजे काय, हे जागेच्या जाणकाराला त्या दिवशी सुचलं नव्हतं. एका तासात आक्कानं अख्खी चौपाटी भरून ठेवली असती.

वर आलो. धाप लागली होती.

"मारुती लागला?" आक्कानं विचारलं.

"न्हाई."

"लिंब?"

"न्हाई आक्का. काहीच लागत न्हाई. टेकायला जागा न्हाई. तुझ्यानं होणार न्हाई ते."

ती मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं काही वजा न करता ऐकत होती. मान हलवून म्हणाली, "बरं. एक झाली. तीन म्हणाला होतास."

मी दुसरी चक्कर मारली. परत आलो तेव्हा ती लुगडं नीट करून, काठी घेऊन दारात उभी. तिनं माझी बाही धरली. रस्त्याच्या कडेला मी हात वर करून गाड्यांपुढं उभा राहिलो, चार शिव्या खाल्ल्या, आणि आम्ही दुभाजकापर्यंत पोचलो. पुढं काही केल्या जाता येईना. आक्काचे गुडघे थरथरत होते. ती हळूच त्या सिमेंटच्या कठड्यावर बसली. दोन्ही बाजूंनी गाड्या चाललेल्या, पलीकडच्या कडेला भाची दिसत होती, मी फोन करून बोलावलेली, हात हलवून आम्हाला थांबा-थांबा करत होती.

आक्कानं कठड्यावर हात फिरवला, धूळ झटकली, मला बसायला जागा केली.

"ओटा हाये की रे," ती म्हणाली. "मारुती तेवढा ऱ्हायला."

मी तिच्याजवळ बसलो. भाची येईपर्यंत दोघंही तसेच बसून होतो. त्या दिवशी भाचीकडं जाणं झालं नाही. तिघं मिळून मागं फिरलो आणि चहा आक्काकडंच झाला. ती जुन्या इमारतीतली खोली मी त्यानंतर दोनदा विचारून आलो. कधीच गेली ती. अजून त्या गल्लीत एखादं घर रिकामं होतं का, यावर माझं लक्ष आहे. दर महिन्याला जातो, रविवारी, संध्याकाळी.

मस्तगडला लोक अजून विचारतात, आक्का कशी आहे, जागा कशी आहे. मी म्हणतो, पाणी चांगलं आहे. पुढं ते थांबून राहतात, आता हा रंगात येईल म्हणून. मी येत नाही. परवा तर एकानं, तब्येत बरी आहे ना, असं विचारलं.